डावी बाजू राखीव

प्रिय भिंगरी,

पत्र बघून दचकली असशील. हवं तेव्हा फोनवर बोलता येत असताना ही बया कागद का काळे करतेय, असं तुझ्या मनात येणारच. त्यातून माझं अक्षर, म्हणजे आधी तुला चष्मा शोधावा लागणार. पण फोनचं काय होतं सांगू? तू हसतेस. तू हसलीस की मीही हसते, आणि जे विचारायचं ते तसंच राहून जातं. कागद हसत नाही, म्हणून आज रजा टाकून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलेय. समोर आई मटार सोलतेय. कोणाला लिहितेस म्हणून दोनदा विचारून झालं. मी ऑफिसचं काम म्हणून सांगितलं, आणि ते अगदीच खोटं नाही.

आईचं बरं चाललंय. गुडघे कुरकुरतात, पण डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिला कपाटाखालची धूळसुद्धा दिसायला लागलीय, त्यामुळे हाल माझे आहेत. तुझी आठवण रोज काढते. भिंगरी का येत नाही, भिंगरीच्या नवऱ्याला काम मिळालं का, पोरं केवढी झाली. मी म्हणते, तिला वेळ नसतो गं, मोठ्या कंपनीत आहे ती. त्यावर आई म्हणते, तुला नसेल माहीत, तिला माझ्यासाठी वेळ असतो. या वाक्याकडे मी पहिल्यांदा लक्षच दिलं नाही. त्याबद्दल पुढे लिहीन.

शंकासूर हे नाव तूच ठेवलंस मला, आठवतं ना? हॉस्टेलच्या त्या खोलीत दोन खाटा, एक हीटर आणि एकच बरी उशी. दूध मी तीनदा हुंगायचे. कुलूप ओढून बघायचे, जिना उतरायचे आणि परत वर येऊन ओढून बघायचे. तू खाली उभी राहून ओरडायचीस, शंकासुरा, चल, तुझी ती फाटकी चादर कोण नेणार आहे! आणि मी कोणाबद्दल काही बोलले की तुझं ठरलेलं उत्तर असायचं, सुतावरून स्वर्ग गाठू नकोस. बहुतेक वेळा तूच बरोबर निघायचीस, हे कबूल करते. म्हणून या वेळी मी स्वर्गापर्यंत गेले नाही. सूत हातात धरून एक एक पाऊल टाकत गेले. ते सगळं तुला क्रमाने सांगते. त्यातलं बरंचसं तुला माहीत आहे, माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तरी पहिल्या इयत्तेतल्या पोरीला समजवावं तसं लिहिणार आहे. का, ते शेवटी कळेल.

नदीच्या खालच्या वस्तीची तक्रार आमच्या प्रयोगशाळेकडे तपासणीला आली, हे तुला ठाऊक आहेच. तुमच्या कारखान्याचं पाणी जिथे नदीला मिळतं त्याच्या खाली ही माणसं मासे धरतात, तेच खातात आणि तेच पाणी पितात. तपासायला मासे घेऊन येते ती त्यांच्यातली एक मावशी. डोक्यावर टोपली, तोंडाचा पट्टा सतत चालू, आमच्या वॉचमनला येता-जाता दम देते. पण तिचे हात बघवत नाहीत गं. बोटांच्या पेरांवर गोल गोल जखमा, भरतच नाहीत. ती म्हणते, मासा स्वच्छ करताना झोंबतं, पण काय करणार, हात घरी ठेवून येता येत नाहीत. माशांत क्रोमियम किती आहे, आणि ते कारखान्याच्या वर कमी आणि खाली जास्त आहे का, एवढंच आम्हाला सांगायचंय. सोमवारी सुनावणी आहे. आमचा अहवाल टिकला तर कारखान्याचा तो नाला बंद होईल. नाही टिकला तर मावशीला कोणी पुन्हा दारात उभं करणार नाही.

आता कामाचं. माशाचं काळीज मऊ, ते कशानेही बारीक होतं. खरा ताप कल्ल्यांचा. चिवट, दोऱ्यादोऱ्यांचे. आमच्याकडचं मशीन तू पाहिलंयस, ज्याला सगळे खुळखुळा म्हणतात. नळीत मांसाचा तुकडा, थोडं सौम्य आम्ल आणि मणी घालायचे, झाकण लावायचं, खुळखुळा सुरू करायचा. मणी आपटून आपटून मांसाचा लगदा करतात. काचेचे मणी घातले तर कल्ल्यांच्या हाडावर आपटून त्यांचेच टवके उडतात. आमचे सिरॅमिकचे मणी होते मोहरीएवढे, ते दोऱ्यांवरून नुसते घसरायचे. दहा नळ्यांतल्या सात तशाच्या तशा बाहेर यायच्या आणि मी हातात धरून शिव्या द्यायचे. गेल्या महिन्यात वैतागून तुला फोन केला. तुझ्याइतकं मण्यांतलं कोणाला कळतं?

तू म्हणालीस, स्टीलचे घे. जड असतात, एका फेरीत काम होतं. मी म्हटलं, अगं, आणि उंदराने डबा गिळला तर? तू खो खो हसलीस. मीही हसले.

उंदराची गोष्ट इथे लिहूनच टाकते. तुझा प्रबंध होता उंदरांच्या काळजातल्या धातूंवर. तू हौसेने स्टीलचे मणी वापरलेस, आणि प्रत्येक उंदरात इतकं लोखंड, क्रोमियम, निकेल निघालं की सरांनी कागद खाली ठेवून शांतपणे विचारलं होतं, तुमच्या उंदराने डबा गिळला होता का? मणीच झिजून नळीत उतरत होते. वर्षाचं काम पाण्यात गेलं. तू त्या रात्री जेवली नाहीस, आणि सकाळी उठून कानाला खडा लावलास की धातू मोजायचा असेल तर स्टीलला हात लावणार नाही. दुसरं, त्या दिवसापासून तू नियम केलास, उजवी बाजू कामाला, डावी बाजू राखीव. कुठलाही जीव असो, अर्धा दळायचा आणि अर्धा न दळता फ्रीझरमध्ये ठेवायचा. मी तुला हसले होते. शंकासूर मी की तू, असं विचारलं होतं.

तर फोनवर तू म्हणालीस, ते जुनं स्टील गं. आता नवीन मणी येतात, वरून लेप दिलेले, काही सुटत नाही. आम्ही कंपनीत तेच वापरतो, ब्लँकसुद्धा मी स्वतः करून बघितलेत, स्वच्छ आहेत. ब्लँक म्हणजे मांस न घालता नुसते मणी आणि आम्ल फिरवून बघायचं, मण्यांतून काय उतरतं ते. नवीन मणी आले की ते पहिलं काम. ते मी केलं नाही. मी, जी दूध तीनदा हुंगते! मी मनाशी म्हटलं, दुधाने जिचं तोंड पोळलंय ती ताकसुद्धा फुंकून पिते, आणि तीच जर न फुंकता पी म्हणतेय तर ते गारच असणार. मणी मागवले. कल्ले एका फेरीत लोण्यासारखे झाले. मी तुला फोन करून थँक्यू म्हटलं, आठवतंय?

मग आकडे आले. खालच्या माशांत क्रोमियम भरपूर, ते अपेक्षितच होतं. पण वरच्या तळ्यातल्या माशांतही तेवढंच! जिथे कारखाना नाही, नाला नाही, नुसता डोंगर आणि गवत आहे, तिथले मासे आम्ही मुद्दाम तुलनेला आणले होते. वर आणि खाली सारखंच निघालं, म्हणजे कारखान्याचा काही संबंधच नाही असं कोणीही म्हणणार. माझ्या मनात पाल चुकचुकली. कुठेतरी पाणी मुरत होतं.

माझा पहिला संशय माझ्या सहायकबाईंवर गेला. या वर्षीच लागलीय ती. हुशार आहे, हात स्वच्छ, पण दिवसातून चारदा फोन घेऊन जिन्यात जायची आणि मी गेले की बोलणं थांबवायची. मी म्हटलं, हिला कोणीतरी फितवलंय. त्यानंतर मी जे काही केलं ते सांगायला लाज वाटते. कपाटाची किल्ली गळ्यात घालून हिंडले. नळ्यांच्या बुडाला बारीक खुणा केल्या. फ्रीझरच्या दाराला स्वतःच्या डोक्यावरचा केस चिकटवून ठेवला, आणि सकाळी तो जागच्या जागी बघून मलाच वाईट वाटलं. चहा पिताना तिच्या पर्सकडे बघायचे. तिला ते कळत होतं. एके दिवशी मी दार लावून तिला सरळ विचारलं, सँपलमध्ये काय मिसळतेस? तिने हातमोजे काढले, टेबलावर एकावर एक नीट ठेवले आणि म्हणाली, “मी काही मिसळलं नाही, ताई. या वेळी बदल एकच झालाय. मणी बदललेत. आणि ते तुम्ही मागवलेत.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. तिची सासू हॉस्पिटलात होती, आणि रजा संपलेली म्हणून ती जिन्यातून डॉक्टरांशी बोलायची. हे मला शिपायाने सांगितलं. मी तिची माफी मागितली. तिने मान हलवली, पण अजून माझ्याशी मोजकंच बोलते, आणि ते बरोबरच आहे.

त्याच दुपारी मी ब्लँक केलं. नुसते मणी, नुसतं आम्ल. क्रोमियम, निकेल, लोखंड, स्टीलची तिन्ही भावंडं हात धरून बाहेर आली, आणि इतकी की माशांतला वर-खालचा फरक त्यात बुडूनच जावा. लेप कसला नि काय, पहिल्या फेरीतच मण्यांची चमक गेली होती. मी ती नळी उजेडात धरून पुन्हा पुन्हा बघितली. आणि तुला खरं सांगते, तेव्हाही मी तुझीच बाजू घेत होते. म्हटलं, भिंगरीचे मणी वेगळ्या दुकानाचे असतील. म्हटलं, तिच्याकडे आम्ल नसेल, नुसतं पाणी असेल. म्हटलं, घरचा सगळा भार तिच्या एकटीवर आहे, नवरा वर्षभर घरी बसलाय, राहतं घर कंपनीचं, तिच्या डोक्यात शंभर गोष्टी, बोलून गेली असेल. शंकासुराने एवढ्या सबबी आयुष्यात कोणासाठी शोधल्या नव्हत्या.

मग आईचं ते वाक्य. रात्री जेवताना मी सहज विचारलं, भिंगरीला तुझ्यासाठी वेळ असतो म्हणजे काय गं? आई खुशीत आली. म्हणाली, दर आठवड्याला फोन करते पोर, तू कामावर असतेस तेव्हा. गुडघ्याचं विचारते, डोळ्यांचं विचारते. तुझंही विचारते, बिचारी. दमते का, उशिरा येते का, माशांचं ते काम संपलं का, कागद कधी पाठवणार. मी म्हटलं, तू काय सांगितलंस? आई म्हणाली, जे तू मला सांगतेस तेच, मला काय कळतंय त्यातलं. मी भाताचा घास तसाच ठेवून उठले. आईला वाटलं, भात कच्चा राहिला.

तरीसुद्धा मी म्हटलं, चौकशी करते, करू दे. माया आहे. परवा मात्र साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. कंपनीच्या वकिलांचा निरोप आलाय म्हणाले, सुनावणीला येताना मण्यांची बाटली बरोबर आणा. साहेब हसत होते. इतक्या वर्षांत मशीन कुठलं, माणूस शिकलेला आहे का, मासा कधी धरला, हे सगळे विचारतात, पण मणी कोणी विचारत नाही म्हणाले, हे खूळ यांच्या डोक्यात कोणी घातलं? मला हसू आलं नाही. आम्ही स्टीलचे मणी घेतले हे आमच्या खोलीत दोघींना माहीत आहे. खोलीच्या बाहेर फक्त एका माणसाला माहीत आहे, आणि तिला मी स्वतः फोन करून थँक्यू म्हटलं होतं.

आता सगळं सरळ दिसतं. वर-खाली सारखेच आकडे आले तर कारखाना सुटला. आणि मी ते कसेही मांडले, तरी वकील बाटली उचलून विचारणार, हे मणी कशाचे? स्टीलचे. स्टीलमध्ये क्रोमियम असतं ना? असतं. मग ते माशातलं की मण्यातलं? मी तोंडात मारल्यासारखी उभी राहणार आणि मागच्या बाकावर मावशी आपले हात पदराखाली घेऊन बसणार. छान बेत होता, भिंगरी. तुझ्या उंदरावरून मी तुला फुकटच हसले, तू त्याचा उपयोग करून घेतलास.

तुझ्या बेतात फक्त एक राहिलं. डावी बाजू. तू लावलेली सवय माझी अजून सुटली नाही. प्रत्येक माशाची डावी बाजू फ्रीझरमध्ये जशीच्या तशी होती, केस चिकटवलेल्या दाराआड. ब्लँक बिघडलं त्याच आठवड्यात मी सिरॅमिकचेच मणी आणले होते, पण मोठे, हरभऱ्याएवढे. कल्ले दगडासारखे गोठवले, मग खुळखुळ्यात थोडा वेळ फिरवले, थांबले, बर्फात ठेवले, पुन्हा फिरवले. हात भरून आले, पण लगदा झाला. सहायकबाई शेजारी उभी राहून नळ्या देत होती. या वेळी ब्लँक आधी केलं, एकदा मी, एकदा तिने. स्वच्छ. वरच्या तळ्यातले मासे स्वच्छ. खालच्या माशांत क्रोमियम आहे, भिंगरी. काळजात आहे आणि कल्ल्यांत त्याहून जास्त आहे. ते मण्यातलं नाही.

हे तुला कळवायची गरज नव्हती. साहेब तर म्हणाले, कोणाला बोलू नका, भरल्या सभेत बघू त्यांची तोंडं. पण काल त्यांच्याकडून कळलं की कंपनीच्या बाजूने तांत्रिक प्रश्न विचारायला तू येणार आहेस. म्हणजे बाटली हातात घेऊन उभी राहणार ती तू, आणि मणी कोणते हे मला विचारणार तीही तू. मी उत्तर देणार, आणि मग स्टीलचे आधी का घेतले होते, कोणाच्या सांगण्यावरून, हेही मला सगळ्यांसमोर सांगावं लागणार. विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. म्हणून हे पत्र, आणि सोमवारी सभेत सांगेन तसंच फोड करून लिहिलंय, म्हणजे तिथे काय काय बाहेर येईल ते तुला आधीच दिसेल. तो प्रश्न तू विचारू नकोस. ताप आला म्हण, पोरगं पडलं म्हण, काहीही म्हण, पण त्या दिवशी दुसऱ्या कोणाला उभं राहू दे. माझ्यावर रागावून आलीस तरी आता काही उपयोग नाही. अहवाल काल सही होऊन गेला, आणि त्यानंतरच मी हे पत्र लिहायला बसले. विश्वास आहे गं तुझ्यावर, पण मी शेवटी मीच ना. एकच गोष्ट मला अजून सुटत नाही, आणि ती तूच सांगू शकतेस, या सोमवारी नाही, कधीतरी. स्टीलचे घे असं तू सांगितलंस, तेव्हा मी डावी बाजू ठेवलेली असणार हे तू विसरली होतीस, की ते माहीत होतं म्हणूनच सांगायचा धीर झाला? काय उत्तर देशील ते दे, मी तीनदा हुंगून घेईन. आईला मात्र फोन करत राहा. तिला अजून काही सांगितलेलं नाही, आणि दर आठवड्याला ती फोनच्या शेजारी खुर्ची ओढून बसते.

तुझीच,
शंकासूर